माझ्या पाठीतला कागद

किल्ल्या अडकवायचा एक जुना लाकडी फळा आहे मी, मित्रांनो. आयुष्यभर भिंतीवर टांगलेला होतो आणि आयुष्यभर गप्प होतो. आता बोलायला सुरुवात केली आहे खरी, पण मला नीट सांगता येईल की नाही, याची मनात धाकधूक आहेच. काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या. किल्ल्यांच्या फळ्याची हकिगत कोण ऐकणार, असेही वाटते. पण एक कागद पंचवीस वर्षे माझ्या पाठीत अडकून होता. त्याच्याबद्दल सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही.

शनिवार पेठेत दत्तोबा सुतारांचे दुकान होते. तिथे माझा जन्म झाला. माझी पुढची बाजू चांगल्या सागवानाची. तिच्यावर आठ ओळींत बारा-बारा असे शहाण्णव पितळी हूक. प्रत्येक हुकाच्या डोक्यावर पांढऱ्या रंगात नंबर. दत्तोबांनी पॉलिश मारले तेव्हा त्यांचा चेहरा माझ्यात दिसत होता, असे ते स्वतःच म्हणाले. पाठीला मात्र त्यांनी देवदाराच्या जुन्या खोक्याची पातळ फळी ठोकली. काम सांगायला आलेला माणूस कुरकुरला, "दत्तोबा, सरकारी काम आहे. पाठीलाही साग हवा होता."

दत्तोबा हातातला रंधा न थांबवता म्हणाले, "अहो, पाठ भिंतीकडे असणार. भिंत काय तक्रार करणार आहे?"

दोघे हसले. फळीला तीन बाजूंनी खिळे बसले आणि वरच्या बाजूचे राहून गेले. नवे असताना काही जाणवले नाही. पण एकदोन उन्हाळे गेले, लाकूड आक्रसले आणि माझ्या डोक्यावर, पुढचा साग आणि मागची फळी यांच्यामध्ये बोटभर फट पडली. ती फट कोणालाही दिसत नव्हती. मला तेवढी ठाऊक होती.

आता ज्या भागाला सगळे कर्वेनगर म्हणतात, त्या बाजूला तेव्हा शेते होती. तिथे सरकारच्या मदतीने कामगारांसाठी एक वसाहत बांधली होती. चार इमारती, शहाण्णव खोल्या. भाडे माफक, कारण बांधकामाचा निम्मा भार सरकारने उचललेला. आणि सरकारची मदत म्हणजे सरकारचे नियम. वसाहतीच्या कार्यालयात माझ्या शेजारीच चौदा नियमांची पाटी लावली होती. भाडेकरू कारखान्यातला कामगारच हवा. मिळकत ठरलेल्या मर्यादेतच हवी. पोटभाडेकरू ठेवायचा नाही. अशी एकेक कलमे. सगळ्यात भीती वाटायची ती नवव्या नियमाची. खोली लेखी सूचनेशिवाय नव्वद दिवसांहून अधिक बंद राहिली, तर भाडेकरूला घराची गरज नाही असे समजून खोली काढून घ्यायची आणि प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या कामगाराला द्यायची.

माझे काम सोपे होते. प्रत्येक खोलीची एक जादा किल्ली माझ्याकडे असे. आग लागली, नळ फुटला किंवा वर्षाची पडताळणी आली, तर दोन पंचांसमोर ती किल्ली वापरायची. खोली रिकामी झाली, की भाडेकरूची किल्लीही माझ्याच हुकावर येई. म्हणजे एका हुकावर एक किल्ली असेल तर घर नांदते आहे, दोन असतील तर रिकामे. किल्ल्या बाहेर जाऊन आल्या, की काय पाहिले ते मला सांगत. मी भिंत सोडून कुठे जाऊ शकत नव्हतो, पण शहाण्णव घरांची खबर मला असे.

पहिल्याच पडताळणीला आलेल्या साहेबांनी भेटवहीत शेरा लिहिला होता, "किल्ल्यांचा फळा उत्तम ठेवला आहे." ते वाक्य कारकुनांनी मोठ्याने वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. पुढे कधीही मनाला लागले, की मी ते वाक्य आठवत असे.

त्या कारकुनांचे नाव दिगंबर. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. शनिवार पेठेतून सायकलवर येत. दुपारी डबा खाताना वाचनालयातले पुस्तक उघडून ठेवत. माणूस भिडस्त. कोणी मोठ्याने बोलले, की यांचीच मान खाली जाई. अक्षर मात्र असे, की नोंदवही उघडली की छापल्यासारखी वाटे. आणि त्या अक्षरातच खरी गडबड होती, मित्रांनो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या नोंदवहीत एक आकडा खोडलेला सापडला होता. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारले, "हे काय? इथे शाई सांडली की विचार बदलला?" चूक साधी होती, पण भाऊसाहेबांनी खाडाखोडीचा धसका घेतला तो कायमचा. त्यानंतर आलेला कागद ते लगेच आवक नोंदवहीत चढवीत नसत. तो त्या-त्या खोलीच्या हुकावर, किल्लीच्या मागे टोचून ठेवीत. शनिवारी सगळे कागद काढीत, कच्च्या कागदावर पेन्सिलने मजकूर जुळवीत आणि मग एकही अक्षर न खोडता नोंदवहीत उतरवीत. त्यानंतर अर्जाला आवक क्रमांक मिळे. म्हणजे नियम मोडायला नको म्हणून हा माणूस रोज एक नियम मोडत होता. कागद आला त्या दिवशीच नोंदवायचा, हाही नियमच होता.

मला ते आवडत नसे. कागदांनी गुदगुल्या होत. पण मी काय बोलणार?

चौसष्ट सालचा सप्टेंबर. गणपती होऊन गेले होते. एका बुधवारी एकसष्ट नंबरच्या आबेदाबाई कार्यालयात आल्या. त्यांचे यजमान मन्सूर छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, जुळवायचे काम करीत. त्यांच्या छातीत दुखणे निघाले होते आणि डॉक्टरांनी मिरजेच्या इस्पितळात सहा महिने ठेवायला सांगितले होते. आबेदाबाईंचा भाऊ मिरजेलाच होता. त्यांनी अर्ज पुढे केला.

"भाऊसाहेब, उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. सगळं लिहिलंय यात. मिरजेचा पत्तासुद्धा. पोच मिळेल का?"

भाऊसाहेब खुर्चीवरून अर्धवट उठले. "पोच... म्हणजे क्रमांक पडतो शनिवारी. नोंद झाली की मी देतो ना."

"शनिवारी मी कुठली इथं?" त्या हसल्या. "असू द्या. तुमचा शब्द म्हणजे पोचच."

त्या गेल्या. भाऊसाहेबांनी अर्ज माझ्या एकसष्टाव्या हुकावर टोचला. तेवढ्यात तिसऱ्या इमारतीचे पाणी गेल्याची ओरड झाली आणि ते बाहेर धावले.

शुक्रवारी चुनेवाले आले. दसऱ्याआधी कार्यालयाला सफेदी द्यायची होती. त्यांनी मला भिंतीवरून उतरवले, आडवे धरले, कोपऱ्यात उभे केले. त्या उलथापालथीत एकसष्टवरचा कागद हुकातून फाटून निसटला, घसरत माझ्या डोक्याशी गेला आणि मला उभे करताना वरच्या फटीतून सरळ माझ्या पोटात उतरला. मित्रांनो, मला तो उतरताना कळला. मी ओरडलो असतो, पण आमच्या जातीला ओरडता येत नाही.

शनिवारी भाऊसाहेबांनी अकरा कागद काढले. एकसष्टपाशी त्यांचा हात क्षणभर थांबला. काहीतरी होते इथे, असे त्यांना वाटले असावे. मग बहुधा आपणच आधी काढला असेल, असे मनाशी म्हणून हात पुढे गेला. बारावा कागद माझ्या पाठीत होता.

ऑक्टोबर गेला, दिवाळी झाली, थंडी आली. मी दिवस मोजत होतो. साठ. सत्तर. ऐंशी. नव्वदावा दिवस उलटला त्या दिवशी एकसष्ट नंबरची किल्ली नेहमीसारखीच लटकत होती. तिला काहीच ठाऊक नव्हते.

दर शनिवारी सुट्टी झाली, की संपत नावाचा एक कामगार यायचा. तो प्रतीक्षा यादीत पहिला होता. धायरीहून सायकल मारत कामाला यायचा. तिथे तो, त्याची बायको सरुबाई आणि दोन लेकरे गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोपटात राहत. तो कोणाशी फार बोलत नसे. टोपी काढून माझ्यासमोर उभा राही आणि पहिल्या हुकापासून शहाण्णवाव्यापर्यंत नजर फिरवी. कुठे दोन किल्ल्या दिसतात का, ते बघे.

"न्हाई ना सायेब?"

"नाही हो, संपतराव."

"बरं." मग जाताना तो एवढेच म्हणे, "धाकटी खोकतीया."

मला त्याच्याकडे बघवत नसे.

जानेवारीत पडताळणी आली. तपासणीला हिंदुराव साहेब होते. कोट, काठी, आणि बोलणे सुपारी कातरल्यासारखे. त्यांची पद्धत अशी, की ते माझ्यावरून हात फिरवीत आणि मनात येतील त्या दहा किल्ल्या उचलीत. मन घट्ट करून मी वाट पाहत होतो. तीन, अठरा, बावीस... आठवी किल्ली त्यांनी उचलली ती एकसष्ट.

तासाभराने किल्ली परत आली. तिने सांगितले ते असे. पंचांसमोर कुलूप उघडले. आत धूळ. गोधड्यांची घडी. भांडी पालथी. भिंतीवरचे कॅलेंडर सप्टेंबरवर थांबलेले. साहेबांनी काठीच्या टोकाने जमिनीवरच्या धुळीत एक रेघ ओढली आणि ते म्हणाले, "नव्वद दिवसांची धूळ मी ओळखतो. ही त्याहून जाड आहे."

शेजारच्या साठ नंबरच्या तुळजाबाई पंच म्हणून उभ्या होत्या. त्या उसळल्या, "अवो सायेब, मानूस आजारी हाय! मिरजंला हाय! अख्ख्या चाळीला ठावं हाय!"

"अख्ख्या चाळीला ठाऊक आहे, छान. कार्यालयाला आहे का?"

सगळे कार्यालयात आले. हिंदुरावांनी खुर्ची ओढली. "दिगंबरराव, एकसष्टचा अर्ज दाखवा."

भाऊसाहेबांनी आवक नोंदवही उघडली. पान उलटले. पुन्हा उलटले. एकसष्टच्या नावावर एकच नोंद होती, ऑगस्टमधली, मोरीचा नळ गळतो म्हणून.

"साहेब, त्या आल्या होत्या... असं मला आठवतं."

"तुमच्या आठवणीला आवक क्रमांक आहे?"

भाऊसाहेबांनी वही मिटली.

दारावर नोटीस लागली. पंधरा दिवसांत पुरावा द्यावा, नाहीतर वाटप रद्द. नोटिशीची प्रत पाठवायला फाइलीत मिरजेचा पत्ता नव्हता. कसा असणार? तो माझ्या पाठीत होता. शेवटी तुळजाबाईच पोस्टकार्ड घेऊन आल्या. "मला लिवता येत न्हाई. घ्या, तुमीच लिवा. पत्त्याची चिठ्ठी हाय माज्याकडं. आन् नीट लिवा भाऊसायेब, का हेबी शनवारी लिवनार?"

भाऊसाहेबांनी मान खाली घालून ते कार्ड लिहिले.

ते पंधरा दिवस मी कसे काढले, ते मलाच माहीत. भाऊसाहेबांनी कार्यालय उलटेपालटे केले. कपाटे, फायली, टेबलाचे खण, सतरंजीखालची जमीन. एकेक किल्ली उचलून तिच्या मागे पाहिले. मग एका दुपारी त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले आणि भिंतीपासून पुढे कलते केले. आता दिसेल! त्यांनी भिंतीकडे पाहिले. कोळ्याचे जाळे होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. बोटे आणि कागद यांच्यामध्ये फक्त ती खोक्याची फळी होती. त्यांनी फळी दोनदा थोपटली आणि त्या थोपटण्याने कागद आणखी दोन बोटे खाली गेला.

त्यांनी मला परत भिंतीला टेकवले. "इथे कसा असेल," असे पुटपुटले.

खरे सांगू का, मला त्या वेळी वाटले की आपला खिळा निसटावा, आपण खाली आपटावे, दोन तुकडे व्हावे. पण चुनेवाल्यांनी खिळा फार घट्ट ठोकला होता. घट्ट असणे हा एरवी माझा गुण होता.

भाऊसाहेबांची अडचण मला कळत होती, कारण ते एकटे असले की पुटपुटत. आबेदाबाई दारात उभ्या आहेत आणि त्यांच्या हातात कागद आहे, एवढे चित्र त्यांना आठवे. पण त्या ऑगस्टमध्येही कागद घेऊन आल्या होत्या. आठवणीतला कागद नळाचा की रजेचा? पोचेबद्दल काही बोलणे झाले होते का? की आपल्याला बाईंची दया येते म्हणून मन ते रचते आहे? जितके ते आठवू पाहत, तितके ते चित्र पुसट होई. स्वतःवर विश्वास नसलेल्या माणसाची आठवणसुद्धा त्याच्या बाजूने उभी राहत नाही, मित्रांनो.

शनिवारी संपत आला. नोटिशीची बातमी त्याला लागली होती. तो थेट एकसष्टाव्या हुकापाशी उभा राहिला. "हितं दोन लागत्यात म्हनं."

"अजून काही ठरलं नाही, संपतराव."

"ठरू द्या की. कायद्यानं ठरू द्या." त्याने टोपी डोक्यावर चढवली. "आमी दोन वरीस कायद्यानंच थांबलोय न्हवं?"

त्याचेही खरेच होते ना.

पंधराव्या दिवशी सुनावणी झाली. माझ्यासमोरच्याच टेबलावर. हिंदुराव साहेब, भाऊसाहेब, आणि एसटीने रात्रभर प्रवास करून आलेल्या आबेदाबाई. त्यांच्या चपलांवर धूळ होती आणि डोळ्यांखाली काळे झाले होते.

"बाई, अर्ज दिला होता?"

"दिला होता. भाऊसाहेबांच्या हातात. बुधवार होता."

"पोच?"

"नाही. भाऊसाहेब म्हणाले, शनिवारी."

"म्हणजे तुम्ही म्हणता दिला. यांची वही म्हणते नाही. मी कोणाचं ऐकू?"

"माझं घर आहे साहेब ते," आबेदाबाई म्हणाल्या. "त्यांना डॉक्टर विचारतात, सुटल्यावर कुठं राहणार? स्वच्छ हवा आहे का? ते सांगतात, एकसष्ट नंबर, पूर्वेची खिडकी. रोज सांगतात. मी परत जाऊन काय सांगू?"

हिंदुरावांनी काठी टेबलाला टेकवली. ते वाईट नव्हते, मित्रांनो. मी त्यांना पुष्कळ वर्षे पाहिले. ते सावकाश म्हणाले, "नियमाला कागद हवा असं नाही. वेळेत लेखी सूचना कार्यालयाला मिळाली होती, एवढं नियमाला पुरतं. कागद हरवला असेल तर ज्याने घेतला त्याने तसं लिहून द्यावं. पण दिगंबरराव, ते लिहिणं खोटं निघालं, तर यांची खोली जाईलच. आणि तुमची नोकरीही."

भाऊसाहेब माझ्याकडे पाहत होते, एकसष्टाव्या हुकाकडे. मी माझ्या सगळ्या लाकडानिशी त्यांना सांगत होतो, दिला होता, दिला होता, माझ्याकडे आहे. ते आबेदाबाईंकडे वळले. मला वाटले, आता ते विचारणार, "बाई, खरंच दिला होता ना?" पण त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. तो विचारणे म्हणजे त्या बाईला तोंडावर खोटे ठरवणे होते. त्यांनी कोरा कागद ओढला, टाक शाईत बुडवला आणि कच्चे न करता थेट लिहायला घेतले.

मी वरून वाचत होतो. "मला वाटते की, सदर अर्ज मी सप्टेंबर महिन्यात स्वहस्ते स्वीकारला..."

टाक थांबला. मग ज्या माणसाने बारा वर्षांत एक अक्षर खोडले नव्हते, त्याने पहिल्या तीन शब्दांवर आडवी रेघ मारली. पुढे सरळ लिहिले. अर्ज मी स्वीकारला. त्याची नोंद केली नाही. चूक माझी आहे. भाडेकरूची नाही.

हिंदुरावांनी कागद उचलला. "हे काय खोडलंय?"

"'मला वाटते की' असं होतं, साहेब."

"मग का खोडलं?"

भाऊसाहेबांचा आवाज जेमतेम ऐकू आला. "वाटण्यावर कोणाचं घर राहत नाही, साहेब."

हिंदुरावांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. मग ते म्हणाले, "खोडलं तिथे सही करा. खाडाखोड सहीशिवाय चालत नाही."

एकसष्ट नंबरच्या हुकावर दुसरी किल्ली लागली नाही. मन्सूर मार्चमध्ये बरे होऊन परत आले. पूर्वेची खिडकी उघडली. संपतला खोली मिळायला पुढे सात महिने लागले. मिळाली तेव्हा तो भाऊसाहेबांना म्हणाला, "दुसऱ्याचं दार लावून मिळाली न्हाई, हे बरं झालं." पण ते सात महिने तो माझ्यासमोर टोपी काढून उभा राहायचा ते मी विसरलेलो नाही. धाकटीचा खोकला त्या पत्र्याखाली लांबला होता. एकाला न्याय देताना दुसऱ्याला थांबावे लागते, हे मी तेव्हा पाहिले. त्यावर उपाय मला अजून सापडलेला नाही.

भाऊसाहेबांच्या सेवापुस्तकात ताशेरा आला. त्या दिवसापासून त्यांनी माझ्यावर एकही कागद टोचला नाही. कागद आला, की समोरच्याला बसवून लगेच नोंद, लगेच पोच. अक्षर थोडे बिघडले. मधूनमधून खाडाखोडही होऊ लागली, आणि तिच्याशेजारी छोटी सही. पण त्यांचा स्वभावच असा, की एक किडा मनात राहिला तो राहिलाच. आपण सरकारी फाइलीत खरे लिहिले की खोटे? ईदला आबेदाबाई शीरखुर्म्याची वाटी घेऊन येत. "भाऊसाहेब, तुमच्यामुळे घर राहिलं." भाऊसाहेब चमचा हातात धरून बसत. खात, पण घास उतरत नसे. त्या गेल्या, की त्यांची नजर माझ्या एकसष्टाव्या हुकाकडे जाई. आणि कागद माझ्या पाठीत, त्यांच्या डोक्यापासून चार हातांवर.

असे किती वर्षे चालले! ते निवृत्त झाले. नवे कारकून आले. त्यांना माझे कौतुक नव्हते. कोणी माझ्यावर ओली छत्री अडकवली, कोणी पंचांग. पितळ काळे पडले. निम्मे हूक वाकले. किल्ल्या कमी झाल्या, कारण लोक कुलुपे बदलत आणि जादा किल्ली द्यायचे टाळत. पहिल्या साहेबांचा शेरा मी आठवत असे, पण आता तो माझ्याबद्दल आहे असे मलाच वाटत नसे.

एकोणनव्वद साली खोल्या भाडेकरूंच्या मालकीच्या झाल्या. त्यांची सोसायटी झाली. कार्यालयाची गरज उरली नाही. उरलेल्या किल्ल्या ज्याच्या त्याला द्यायचा कार्यक्रम ठरला, आणि कोणाची कोणती हे नीट सांगेल असा एकच माणूस होता. शनिवार पेठेतून रिक्षाने भाऊसाहेब आले. पाठीत वाकलेले, हातात काठी, बगलेत वाचनालयाचे पुस्तक. एकेक किल्ली काढून ते नाव घेत होते. संपतराव आता म्हातारे झाले होते. त्यांनी टोपी काढली आणि किल्ली कपाळाला लावली.

सगळ्यांत शेवटी एकसष्ट. आबेदाबाईंनी किल्ली घेतली आणि माझ्याकडे बोट केले. "हा फळा आता टाकून देणार का? मला द्या. कप अडकवीन स्वयंपाकघरात."

"न्या की. पण पाठ सडली असेल त्याची," कोणीतरी म्हणाले.

मन्सूरमियाँनी मला उतरवले, टेबलावर पालथे ठेवले आणि पेचकसाने ती खोक्याची फळी उचकटली. आत धूळ होती, दोन झुरळांचे पंख होते आणि चौघडी पडलेला एक पिवळा कागद होता. वरच्या टोकाला हुकाने फाडलेले भोक.

त्यांनी तो उलगडून आबेदाबाईंना दिला. त्यांनी चष्मा लावून पाहिला. "अरे, हा तर माझा अर्ज! मिरजेचा!" आणि हसत त्यांनी तो भाऊसाहेबांपुढे धरला.

भाऊसाहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. तारीख वाचली. पुन्हा वाचली. बुधवार. मग ते खुर्चीत बसले, जणू पंचवीस वर्षे उभेच होते. काठी घरंगळून खाली पडली, ती त्यांना कळली नाही.

"काय झालं भाऊसाहेब?" आबेदाबाई घाबरल्या. "यात नवीन काय आहे? मी तर तेव्हाच म्हटलं होतं, दिला म्हणून."

"हो," भाऊसाहेब म्हणाले. "तुम्ही म्हटलं होतंत." मग खिसे चाचपत, "पेन आहे का कुणाकडे?"

मन्सूरमियाँनी खिशातले पेन दिले. भाऊसाहेबांनी अर्जाच्या कोपऱ्यात लिहिले, "प्राप्त." खाली एकोणनव्वद सालची, त्याच दिवसाची तारीख घातली, सही केली आणि कागद आबेदाबाईंच्या हातात ठेवला.

"घ्या," ते म्हणाले. "तुमची पोच."

आता मी एकसष्ट नंबरच्या स्वयंपाकघरात असतो. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी माझ्यावर ऊन येते. माझ्यावर कप, गाळणी आणि एक किल्ली आहे. पाठीला आता फळी नाही. आबेदाबाईंनी ती परत लावू दिली नाही.

मित्रांनो, मी काही फार शहाणा नाही, पण एवढे सांगावेसे वाटते. कोणी विश्वासाने तुमच्या हातात कागद ठेवला, तर तो त्याच दिवशी नोंदवा. अक्षर वाईट आले तरी चालेल, खोडले तरी चालेल, शेजारी सही करा. आणि आमच्यासारख्या जुन्या, मुक्या वस्तू भिंतीवरून काढाल, तेव्हा टाकून देण्याआधी आमची पाठ एकदा उघडून बघा. कदाचित तिथे कोणाचा तरी खरेपणा अडकलेला असेल.